फाटलेल्या गुडघ्यावर चार पकडी

कल्याणजवळच्या आमच्या मोहन्यात कबड्डीचा सीझन मार्चात संपतो आणि खरी कबड्डी त्यानंतर सुरू होते. मैदानावर नाही, कट्ट्यावर. कोण कुठल्या संघातून सुटला, कोणाला किती देऊन उचलला, कोणाचा करार एका वर्षाचा आणि कोणाचा दोन, यावर एप्रिल-मेमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी अख्ख्या सीझनमध्ये पंचांशी होत नाहीत. या भांडणांत शेवटचा शब्द गेली बारा-पंधरा वर्षं एकाच माणसाचा होता. दगडू साळवे. अख्खी आळी त्याला मामा म्हणते, मीही म्हणतो.

मामा स्वतः आयुष्यात एक सामना खेळलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण बाहेरच्याला वाटतं हा कोणी जुना खेळाडू असणार. रेयॉनच्या फॅक्टरीत तो अठराव्या वर्षी ठेकेदाराकडून लागला, आणि कामगारांच्या सामन्यांना मैदानावर फक्कीच्या रेघा मारायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. रेघा मारणाऱ्याची नजर खालीच असते. मामा पाय बघायला शिकला. "चेहरा काय बघतोस? चेहरा सगळ्यांचाच वाघाचा असतो. टाच बघ, टाच. टाच उचलली की समज गडी फसवतोय." फॅक्टरी बंद पडल्यावर तो शीळफाट्याजवळच्या एका गोदामावर वॉचमन झाला. दर थोड्या दिवसांनी ठेकेदार बदलतो, मग वर्दीचा रंग बदलतो, माणूस तोच. बारा तासांची ड्युटी, हातात फोन, आणि फोनमध्ये आमचा कबड्डीचा ग्रुप. दोनशे बारा माणसं.

मामाला टाइप करता येत नाही. तो बोलून पाठवतो. दोन-दोन, तीन-तीन मिनिटं. मागे ट्रकचे हॉर्न, मध्येच "ए गाडी मागे घे" असं कोणाला तरी ओरडणं, आणि परत कबड्डी. लोक ते कामावर कानाला लावून ऐकायचे. मामा म्हणाला हा गडी पुढच्या सीझनला चालणार, की तो चालायचाच. डोंबिवलीचे संघवाले सही घेण्याआधी गुपचूप मामाला फोन करायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि मामाने एका पैशाची दलाली कधी घेतली नाही, हेही.

शालनमामीला या सगळ्याचा वैताग. मी घरी गेलो की मला ऐकवायची, "जगाचे करार तोंडपाठ आहेत यांना. स्वतःचा पीएफ कुठे गेला ते विचारा जरा."

"अगं, माझ्यावर कोणी बोलीच लावली नाही," मामा म्हणायचा.

"लावली की. माझ्या बापाने. फसला बिचारा."

सुमित हा मामाच्या बहिणीचा, रंभाताईचा मुलगा. वय पंचवीस. डावा कोपरा. चढाई करणाऱ्याचा घोटा त्याच्या हातात आला की सुटत नाही. बाप लहानपणीच गेला, रंभाताई डोंबिवलीत तीन घरी पोळ्या लाटते. पोराला मैदानावर मामानेच नेलं, बूट मामानेच घेऊन दिले. गेल्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या एका कंपनीच्या संघाने सुमितला बोलावलं. दोन वर्षांचा करार, महिना सव्वीस हजार. पण सव्वीस हजारांचं सोडा. करारात लिहिलेलं की दोन सीझन पूर्ण खेळला तर कंपनीच्या डिस्पॅच खात्यात कायम. कायम! आमच्या आळीत पन्नाशीच्या आतल्या एकाही माणसाच्या नशिबी हा शब्द आलेला नाही. सही वीस मेला होती.

अडचण एकच. जानेवारीतल्या सेमीफायनलला सुमितचा डावा गुडघा गेला होता. लिगामेंट अर्धवट फाटलेलं. कल्याणला मामानेच त्याचा एमआरआय काढून आणला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आराम, व्यायाम, नाहीतर ऑपरेशन. हे मामाला, सुमितला आणि डॉक्टरला माहीत होतं. चौथा मी. कारण कराराचे इंग्रजीतले नऊ कागद सुमितने माझ्याकडे आणून टाकले. माझं शिक्षण नववी. इंग्रजी मी कामगारांना आलेल्या नोटिसा वाचत वाचत शिकलोय, त्यामुळे अशा कागदात खड्डा कुठे खणलाय ते मला बरोबर दिसतं. सहाव्या कलमात होता. आधीची दुखापत लपवली तर करार रद्द. खेळताना नवीन झाली तर तीन महिने पगार, मग रद्द.

"सांगायचं का त्यांना?" सुमितने विचारलं.

मी म्हणालो, गप्प बसायचं. हो, मीच म्हणालो. पाय बिघडला की माणसाला भंगारात काढायचं ज्यांनी आधीच छापून ठेवलंय, त्यांच्याशी खरेपणाने वागायचा मक्ता आपणच का घ्यायचा? सीझन नोव्हेंबरला सुरू होणार, तोपर्यंत गुडघा सावरला असता. कंपनीच्या तपासणीत उंची, वजन, बीपी, रक्त, एवढंच होतं. मामा म्हणाला, "माझ्या तोंडून वाराही बाहेर जाणार नाही." आणि त्याचं ते अगदी मनापासून होतं.

नऊ मेची दुपार. ग्रुपवर बातमी फुटली की ठाणेवाले सुमितला घेतायत. कोपर गावातला गोविंदा, रिक्षा चालवतो, मामाचा कायमचा विरोधक आणि त्याच्याइतकाच जाणकार. त्याचा माणूस डोंबिवलीचा नील, तोही डावा कोपरा. गोविंदाने बोलून पाठवलं, "सव्वीस हजार? मामा, भाचा आहे म्हणून तुला गोड लागतंय. सेमीफायनलला तुझ्या सुमितच्या पकडी किती? चार. नीलच्या सात. ठाणेवाले काय डोळे मिटून सही करतायत?"

"नीलच्या सातमध्ये तीन गडी आपल्या पायाने बाहेर गेलेले," मामाचं उत्तर. "पकड म्हणजे पकड, गोविंदा. रस्त्यात पडलेली नोट उचलणं नाही."

"आणि तुझा शेवटच्या दहा मिनिटांत लंगडत होता ते? दम संपलेला त्याचा. पंचविसाव्या वर्षी म्हातारा झाला पोरगा. कंपनीचे पैसे पाण्यात, लिहून घे."

लोक हसण्याची चित्रं टाकायला लागले. मीही रिकामाच बसलेलो, मला मजा आली. मी लिहिलं, "मामा, उत्तर दे की. का ड्युटीवर डोळा लागला?"

लिहायला नको होतं.

दोन मिनिटांनी मामाचा आवाज आला. चिडलेला. "दम संपलेला म्हणतोस? अरे त्या पोराचा गुडघा फाटलेला त्या दिवशी! लिगामेंट! मी स्वतः कल्याणला एमआरआय काढून आणलाय, घरात पिशवीत ठेवलाय, ये बघायला. पहिल्या पाच मिनिटांत गुडघा गेला आणि तरी तो बाहेर आला नाही. फाटलेल्या गुडघ्यावर चार पकडी केल्यात त्याने! तुझ्या नीलला साधा ताप आला तर तो खेळायचे कपडे चढवत नाही. आहे का असा गडी अख्ख्या जिल्ह्यात? बोल ना!"

आजवरचा त्याचा सगळ्यात जोरदार मेसेज. ग्रुप पेटला. एक नंबर मामा, विषय संपला मामा. मी फोन लावला तर मामाचा फोन व्यस्त, शाबासकी द्यायला लोक लागोपाठ फोन करत होते. लागला तेव्हा मी शिवीच हासडली. "मामा, काय बोललास तू? सहावं कलम!"

मामा म्हणाला, "हे पुसतात कसं रे?"

मी सांगितलं, बोट दाबून धर, डिलीट कर. त्याने केलं. पण त्याच्या एकट्याच्या फोनमधून. बाकीच्या दोनशे अकरा फोनमध्ये ते तसंच राहिलं आणि त्याला वाटलं की गेलं. मला हे संध्याकाळी कळलं. तोपर्यंत ते कुठे कुठे गेलेलं असेल, कोणी मोजावं?

वीस मेला सुमित नवा शर्ट घालून ठाण्याला गेला. तिथे काय झालं ते त्यानेच मला सांगितलं, एकदाच. साहेबांनी पाणी दिलं, बस म्हणाले, फोन टेबलावर ठेवला आणि मामाचा आवाज सुरू झाला. पूर्ण ऐकवला. मग साहेब म्हणाले, "मामांचं प्रेम आहे तुझ्यावर." कागद ड्रॉवरमध्ये गेले. पंधरा दिवसांनी त्याच जागेवर नीलची सही झाली.

सुमित मामाला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मामाच्या घरावरून जाताना तो चपलांचा आवाजसुद्धा करायचा नाही.

सुमित ठाण्याहून परत आल्यावर चौथ्या दिवशी, नीलची सही अजून व्हायची होती तेव्हा, मामा माझ्याकडे आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. "चल ठाण्याला. मी सांगतो त्यांना, मी खोटं बोललो. गुडघ्याला काही झालेलं नाही, मी फुशारकी मारली."

या माणसाने कबड्डीच्या बाबतीत कधी खोटा शब्द काढला नव्हता. आपला गडी हरला तरी हरला म्हणायचा. आम्ही गेलो. दीड तास बाहेर बसवलं. मग साहेब आले, तरुण होते, बोलायला अगदी सभ्य. मामाने हात जोडले आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. भांडणात बोलून गेलो, म्हणाला, एमआरआय वगैरे काही नाही.

साहेब म्हणाले, "ठीक आहे काका. मग आपण नवीन एमआरआय काढू. खर्च आमचा. काही नसेल तर मी अजूनही विचार करतो."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे. आणि माझं डोकं फिरलं. माणसं घेता की बैल घेता, दात पण बघा, असं बरंच काही मी ओरडलो. सिक्युरिटीवाल्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याची वर्दी मामाच्या वर्दीसारखीच होती. मामा त्याला म्हणाला, "हळू धर रे बाबा, जातोय आम्ही."

घरी आल्यावर मामाने ग्रुपवर परत बोलून पाठवलं. नेहमी तीन मिनिटं बोलणारा माणूस, या वेळी अर्धं मिनिट. "मी दगडू साळवे. सुमितच्या गुडघ्याबद्दल मी बोललो ते खोटं होतं. त्याला काही झालेलं नाही. गोविंदाचं बरोबर होतं, त्या दिवशी पोरगा खराब खेळला. मला कबड्डीतलं काही कळत नाही. माफ करा."

लोक तुटून पडले. एवढी वर्षं फेकत होता काय, मामा? मागच्या साली स्वानंद सीझनभर चालणार बोललेलास ते पण फेकलेलं? गोविंदाने ग्रुपवर काही टाकलं नाही. त्याने मामाला फोन केला आणि एवढंच म्हणाला, "मामा, खरं काय ते मला सांगू नकोस." आणि फोन ठेवला.

खोटं कामाला आलं, तेच वाईट झालं. गुडघा ठीक आहे हे खरं मानून ऑगस्टमध्ये भिवंडीकडच्या एका छोट्या मंडळाने सुमितला उचललं. पगार नाही, नोकरी नाही. सामन्याला दीड हजार, आणि मैदानात लागलं तर दवाखान्याचा खर्च मंडळाचा. तेही तोंडी. मामा तेव्हा पहिल्यांदा सुमितसमोर उभा राहिला.

"नको खेळू. अजून एक वर्ष थांब."

"आणि खायचं काय? तुझा आवाज?"

मामा घरी आला आणि जेवला नाही, हे मामीने सांगितलं. व्यायाम करायला, गुडघा शेकायला सुमितला वेळ होता कुठे? तो दिवसा पार्सलं टाकत फिरत होता, चार-चार मजले.

जानेवारीत कोनगावच्या पुढे एका गावात सामना होता. दुपारचा, मातीवरचा. मी मामाबरोबर गेलो. गोविंदाही रिक्षा घेऊन आलेला. सुमित छान खेळत होता. दोन पकडी झाल्या. तिसऱ्याला समोरचा दांडगा गडी आत घुसला, सुमितने घोटा धरला, तो गडी वळला आणि सुमितचा पाय जागच्या जागी राहिला. आवाज मी ऐकला नाही. मामाने ऐकला म्हणे.

सुमित पडला तो उठेना. लोक ओरडायला लागले. "ए उठ रे, नाटक नको!" "वेळ काढतोय साला!" कोणीतरी आमच्या मागून म्हणालं, "याचा तो मामा पण असाच. गुडघ्याच्या गोष्टी सांगत फिरायचा. सगळं घराणं नाटकी."

मी उठलो होतो त्याचं थोबाड फोडायला. मामाने माझा हात धरला, बसवलं, आणि स्वतः रेघ ओलांडून आत गेला. त्याच्या मागून गोविंदा. दोघांनी मिळून सुमितला उचललं आणि रिक्षात घातलं. सुमितने मामाच्या दंडाला इतकं घट्ट धरलेलं की बोटं उमटली. तरी तो मामाकडे बघत नव्हता.

दवाखान्यात मंडळाचा माणूस आधीच पोचला होता. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, मान हलवली आणि फॉर्म घेतला. "हा गुडघा आधी कधी दुखावला होता का? घरचं कोण आहे?"

मंडळाचा माणूस भिंतीला टेकून ऐकत होता. जुनं दुखणं असेल तर खर्च त्यांचा नव्हता. खाटेवरून सुमितने पहिल्यांदा मान वळवून मामाकडे बघितलं.

"मी मामा त्याचा," दगडूमामा म्हणाला. "आधी काही नव्हतं, डॉक्टरसाहेब. एकदम ठणठणीत होता."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. मंडळाने ऑपरेशनचे पैसे भरले. सुमित आता काठीशिवाय चालतो, पण जिना उतरताना कठडा धरतो. कबड्डी संपली. ग्रुपवर यंदा परत भांडणं जुंपलीत, नीलला ठाण्याचा करार मोडून न्यायला पुण्याचा संघ किती देतोय यावर. मामा ग्रुपमध्ये आहे. सगळं ऐकतो. बोलत नाही.