पोह्यांतला मृत समुद्र

शांतवनकाकांना बायबलबद्दल काहीही विचारलं, की ते आधी चष्मा काढून खिशात ठेवत आणि म्हणत, "उद्या सांगतो." रिक्षा कुठे मिळेल, गळक्या नळाला काय करायचं, याची उत्तरं ते उभ्या उभ्या देत. बायबलचं मात्र उद्यावर. वर्तकनगरच्या आमच्या मजल्यावर त्यांचं एकच घर ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे, एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे आदमपासून जगबुडीपर्यंत सगळ्याचा जाब आम्ही त्यांनाच विचारायचो.

नाताळच्या फराळाचं रिकामं ताट परत करताना मी एकदा विचारलं, "काका, येशूचा जन्म पंचवीस डिसेंबरचाच कशावरून?" दुसऱ्या दिवशी सकाळी, माझी कणीक भिजवून व्हायच्या आत, काका दारात. "तारीख लिहिलेली नाही. ती मागाहून ठरली."

"आणि हव्वेचं ते सफरचंद?"

त्याचं उत्तर अर्थातच त्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. "नुसतं फळ लिहिलंय. सफरचंद चित्रं काढणाऱ्यांनी घातलं."

मी वैतागून म्हटलं, "मग तुमच्या पुस्तकात आहे तरी काय?"

"पुस्तक नको म्हणूस गं, कपाट म्हण," काका हसून म्हणाले. "शेकडो वर्षं माणसं त्यात लिहून ठेवत गेली. कुणी हिब्रूत, कुणी ग्रीकमध्ये. गाणी आहेत, कायदे आहेत, भांडणं आहेत, पत्रं आहेत. कुठल्या खणातलं विचारतेस ते आधी सांग." त्यांचं एक पथ्य होतं. 'लिहिलंय', 'लोक म्हणतात' आणि 'मला वाटतं' या तीन गोष्टींची ते कधी मिसळ करत नसत. मला तो तेव्हा चक्क चोखंदळपणाचा कहर वाटायचा.

समजावताना मात्र त्यांच्यातला ड्राफ्ट्समन जागा व्हायचा. समोर जे असेल त्याचा नकाशा. माझ्या ओट्यावर त्यांनी पिठात इजिप्त काढलाय, आणि लाल समुद्र दुभंगण्यासाठी माझं लाटणं वापरलंय.

त्यांच्या मुलीचं, रूथचं, डोंबिवलीच्या निखिलशी जमलं. दोघं एकाच ऑफिसात. आईवडिलांच्या माघारी निखिलला त्याच्या आत्याने, मालतीबाईंनी, वाढवलेलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, कोपरला राहणाऱ्या, स्वच्छ बोलणाऱ्या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय निखिल पाऊल उचलणार नव्हता. दोघांचं आधीच ठरलेलं असूनही रीतसर कांदेपोहे झाले, आणि वाढायला मी गेले.

"रूथ म्हणजे काय हो?" मालतीबाईंनी सहज विचारलं. हे बायबलचं असूनही काकांना तोंडपाठ होतं. लेकीचं नाव त्यांनीच तर ठेवलेलं. त्यांनी आपली बशी पुढे ओढली. लिंबाची फोड मधोमध: हा मृत समुद्र. उजवीकडचे पोहे म्हणजे मवाब, तिथली ही रूथ. डावीकडचा शेंगदाणा बेथलेहेम, तिथली सासू, मवाबात येऊन राहिलेली. नवरा वारला, तरी सुनेने सासूचा हात सोडला नाही, तिच्यामागे परमुलखात आली. म्हणाली, तुमची माणसं ती माझी, तुमचा देव तो माझा देव.

सासूसाठी मुलूख सोडणारी सून! मालतीबाई खूश झाल्या. मग चमचा थांबला. "म्हणजे देवही तिने सासूचाच घेतला. मग आमच्याकडे तुमची रूथ काय करेल?"

'तीही तेच करेल' म्हटलं असतं, तर तिथेच सुपारी फुटली असती. काकांनी चष्मा काढला. "उद्या सांगतो."

"एवढ्याला उद्या कशाला हवा?" मालतीबाईंनी बशी खाली ठेवली. चहा न घेताच मंडळी उठली.

"पप्पा, आयुष्यात एकदा तरी पटकन बोलला असतात!" रूथ म्हणाली आणि आत जाऊन रडत बसली. काकांवर मीसुद्धा मनातून चिडले होते.

दुसऱ्या दिवशी काका कोपरला निघाले. काकूंनी मला सोबत धाडलं, काका अडलेच तर बोलायला. मालतीबाईंनी बसा म्हटलं, हसल्या नाहीत.

"ती सासूच्या देवाकडे गेली, असंच लिहिलंय," काका म्हणाले. "ते मी नाकारणार नाही. पण त्याआधी सासू तिला परत परत सांगते, पोरी, माहेरी जा, आपल्या माणसांत, आपल्या देवाकडे जा. सासूने मागितलं काहीच नव्हतं. ती आमच्या देवाकडे आली म्हणून ही गोष्ट आम्ही कौतुकाने वाचतो. काल मी ती पहिल्यांदा तिच्या बापाच्या जागी बसून वाचली. त्याच्याबद्दल एवढंच आहे, की ती आईबापाला सोडून आली. तो काय म्हणाला, ते कुणी लिहिलेलं नाही."

त्यांनी मालतीबाईंकडे पाहिलं. "रूथ काय करेल ते तिलाच विचारा. ती जे सांगेल ते मी मान्य करेन, एवढं ठरवायला मला एक दिवस लागला."

मालतीबाई उठल्या, पाणी घेऊन आल्या. "मग मलाही एक दिवस द्या," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "रूथला म्हणावं, आपला देव घेऊन ये. माझा देव्हारा काही एवढा अरुंद नाही." काकू रडल्या, रूथ नाचली आणि काकांनी मला पोहे करायला लावले.

गेल्या वर्षी काका गेले. आता बायबलमधलं काही अडलं, की दार वाजेल म्हणून मी दोन दिवस उगाच वाट बघते. परवा रूथकडे डोंबिवलीला गेले होते, मालतीबाईही तिथेच होत्या. ती दर रविवारी चर्चला जाते, आणि पाय दुखत नसतील तर मालतीबाईही सोबत जाऊन शेवटच्या बाकावर बसतात. प्रार्थना संपली की पाळकांना गाठून प्रश्न विचारतात.

"मग, मिळतात का उत्तरं?" मी विचारलं.

"मिळतात, पण लगेच देतात गं ते," मालतीबाई नाराजीने म्हणाल्या. "आमचे व्याही एक दिवस घ्यायचे."