सकाळी आठचा धूर

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या आमच्या खाणगावात निम्मे लोक मॅकनील, त्यामुळे आडनावावरून कुणाचाच पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. मी घरोघरी घर तापवायच्या भट्टीचं तेल पोहोचवतो, तेव्हा मी टँकर डॅन. आमच्या गल्लीतल्या एफीनं शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं सूप ढवळलं, म्हणून ती सूपवाली एफी. मी शाळेत असताना माझ्या ताटलीतला एकेक वाटाणा संपेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

आमच्याकडे हिवाळ्यात शेजाऱ्याची खुशाली विचारायला दार वाजवत नाहीत. धुराडं बघतात. धूर दिसला की घर ठीक. धूर असताना दार वाजवायचं म्हणजे त्या घराच्या ऐपतीवरच शंका घ्यायची.

घर तापवायच्या खर्चातले थोडे पैसे सरकार परत देतं. ऑक्टोबरात तो चेक आला की एफी मला चहाला बोलवायची. समोर काकवीची बिस्किटं आणि बशीखाली चेक.

"ह्याचं तेल लॉकीच्या टाकीत घाल."

"आणि तुमच्या?"

"माझी टाकी मी बघीन. तू तेल वीक, सल्ले वाटू नकोस."

लॉकी समोरच्याच घरात राहतो, एकटा. खाणीच्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली आहेत, गारठा लागला की त्याला श्वास पुरत नाही. पण सरकारचा फॉर्म तो भरायचा नाही. "जन्मभर कोळसा खणून जगाला ऊब दिली," म्हणायचा, "आता उबेसाठी अर्ज करू?" मग त्याला मी थाप मारायचो, की गेल्या वर्षी पंपानं तेल कमी मोजलं, ते भरून द्यायला आलोय.

"चार वर्षं तुमचा पंप बिघडलेलाच कसा रे?"

"मालक चिकट आहे, लॉकी. दुरुस्तच करत नाही."

हे सगळं कशाला, असं मी एफीला एकदा विचारलं होतं. ती लहान असताना एका हिवाळ्यात खाणीत संप होता. शेजारी कोळशाचं पोतं घेऊन दारात आला आणि तिच्या वडिलांनी त्याला तसंच परत पाठवलं. धाकटी मोराग चार वर्षांची होती. ती मार्चपर्यंत खोकत राहिली, मग खोकला थांबला.

"देणारा समोर दिसला, म्हणून बाबांना 'नाही' म्हणता आलं," एफी म्हणाली. "देणारा दिसताच कामा नये."

गेल्या वर्षी तेल भलतंच महागलं, त्यात वादळानं तिचं छप्पर उडालं आणि साठवलेलं सगळं त्यात गेलं. त्या चेकमध्ये एकच टाकी भरणार होती. तरी चेक बशीखाली होताच.

"यंदा लाकडावर भागवतेय मी," ती म्हणाली. "तुझ्या तेलाच्या वासानं डोकं चढतं."

मी मान डोलवली. रोज सकाळी आठला टँकर घेऊन निघालो की तिच्या धुराड्यातून धूर दिसायचा. मी हॉर्न वाजवून पुढे जायचो.

फेब्रुवारीत लॉकीनं मला खिडकीतून हाक मारली. "डॅन, एफीचा धूर आठला निघतो आणि साडेआठला गायब. ही काय चूल आहे, की नुसता सकाळचा सलाम?"

"काटकसरी बाई आहे," मी हसून म्हणालो. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

नऊ दिवसांनी धूर दिसलाच नाही. मी दार वाजवलं, मग ढकललं. बाकीच्या खोल्या बंद करून ती स्वयंपाकघरात बसली होती, अंगावर दोन कोट, तिसरा वारलेल्या नवऱ्याचा. श्वास चालू होता, पण छातीत पाणी झालं होतं. चुलीशेजारी काटक्यांच्या छोट्या जुड्या रचल्या होत्या. कुंपणाच्या फळ्यांच्या चिरफळ्या आणि जुन्या वर्तमानपत्राचे बोळे, सुतळीनं बांधलेले. एका सकाळपुरती एक जुडी, आम्हाला दिसण्यापुरती.

इस्पितळात मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू टाकी भरली असतीस." ती थांबली, दम घेतला. "आणि थाप काय मारली असतीस? ती तर लॉकीवर खर्च झाली."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

दफन झाल्यावर लॉकीनं मला गाठलं. "पंपाचं खरं काय ते सांग." एफीनं मला गप्प राहायला शिकवलं होतं, पण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून पुन्हा खोटं बोलणं मला जमलं नाही. मी सांगितलं. तो टँकरच्या चाकाला टेकला.

"मी उबेत बसून तिचा धूर बघत होतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एफीच्या धुराड्यातून धूर निघाला. मी ब्रेक दाबला. बर्फातून लॉकीच्या पावलांचे ठसे तिच्या दारापर्यंत गेले होते. दर चार पावलांवर तो दम घ्यायला थांबला असावा, कारण तिथे बर्फ जास्त तुडवलेलं होतं. उरलेल्या जुड्यांतली एक त्यानं पेटवली होती.

जुड्या अकरा होत्या. अकरा दिवस मी हॉर्न वाजवून पुढे गेलो. बाराव्या दिवशी धूर नव्हता. मी टँकर थांबवला, आणि आता दार वाजवावं तर एफीच्या दारामागे कुणी नाही, हे मला तेव्हा कुठे कळलं.