दारफाळणीच्या दिवशी

अंबरनाथच्या बुवापाड्यात आमचं एकच ज्यू घर. योम किप्पूरला, म्हणजे पापांची माफी मागायच्या उपासाला, आम्ही मराठी ज्यू ‘दारफाळणी’ म्हणतो. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत दार बंद, पांढरे कपडे, पोटात पाण्याचा थेंबही नाही. तिथी चंद्रावर ठरते, म्हणून तारीख दर वर्षी बदलते. कधी गणपतीत, कधी दसऱ्याच्या तोंडावर.

शेजारचा माणूस बायकोला मारायचा. आवाज आला की माझे वडील जाऊन त्याची गचांडी धरायचे, म्हणून तो जरा वचकून असे. दोन वर्षांपूर्वी त्यानं मला जिन्यात गोड आवाजात विचारलं, "ताई, यंदा तुमचा उपास कधी?" मी मूर्खासारखी तारीख सांगितली, वर सणाची सगळी माहितीही दिली.

दारफाळणीच्या दिवशी दुपारी त्यानं सुरुवात केली. आधी भांडी फेकली, मग तिचं डोकं भिंतीवर आपटलं. भिंत सामाईक, आमच्या फळीवरचे डबे हलत होते. "बोलव ना तुझ्या काकाला! आज बंद हाय त्यांचा दरवाजा!" तो ओरडला. ती कशीबशी सुटली आणि आमच्या दारावर येऊन धडकली. "काका, उघडा!"

वडील प्रार्थनेचं पुस्तक हातात धरून थिजले. उभ्या आयुष्यात त्यांनी दारफाळणीला दार उघडलं नव्हतं. मी कडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. बाहेर तो तिला लाथा घालत होता. जीव वाचवायला कुठलाही नियम मोडावा हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, तरी आम्ही दोघं खांबासारखे उभे! शेवटी वडील ओरडले, "उघड!"

ओट्यावरचा बत्ता उचलून मी बाहेर पडले. पहिला घाव त्याच्या मनगटावर, दुसरा तोंडावर. त्याचा दात पडला. आणखी घातले असते, पण वडिलांनी हात धरला. त्याला मारल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तिच्या कानातून रक्त वाहत होतं.

माणसाचा अपराध केला तर माफी देवाकडे नाही, त्या माणसाकडेच मागायची, असं आमच्यात आहे. म्हणून मागच्या वर्षी सणाआधी मी बदलापूरजवळ चामटोलीला, तिच्या माहेरी गेले. ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले आणि दार उघडायला उशीर केला त्याची माफी मागितली. रडत रडत, पुटपुटत बराच वेळ बोलले. ती खाली मान घालून निवडतच राहिली.

मग तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "ताई, काय बोललात का? ह्या बाजूला येऊन बसा. तो कान गेलाय माझा."