भासऱ्यांनी उघडलेला कूलर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ माझं मलाच समजत नाही, अक्षरही धड लागत नाही. ही वही कुणी वाचलीच तर चुका पोटात घालाव्यात. पण एक गोष्ट मी ठाम लिहिते, की आमच्या भासऱ्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा चालू करील असा कारागीर अख्ख्या अमरावतीत नाही.

भासरे म्हणजे यांचे मोठे भाऊ. वलगावच्या शाळेत शिपाई होते. घरात नळ गळो की मिक्सर बंद पडो, कारागीर बोलवायचा म्हटलं की म्हणायचे, "आपले हात काय मोडले हायेत?" त्यांनी वस्तू उघडून पुन्हा जोडली की चार-दोन स्क्रू उरायचेच. ते बिस्किटाच्या डब्यात टाकत म्हणायचे, "कंपनीवाले जास्तीचे लावतात." एकदा त्यांनी सगळी बटनं नवी बसवली. तेव्हापासून दारावरची बेल दाबली की न्हाणीतला दिवा लागायचा. पाहुणा बाहेर ताटकळत उभा आणि अंघोळ करणारा आत चमकलेला. जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायच्या. भासरे म्हणायचे, "बरंच झालं. अंघोळीतल्याले समजते, कोनी आलं म्हनून."

आमच्या घरची रीत अशी, की धाकट्या सुनेनं भासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही. काही सांगायचं तर जाऊबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगत. मी तशीही मुखदुर्बळच, त्यामुळे ही रीत मला कधी जड गेली नाही. जड गेली ती भासऱ्यांनी स्वयंपाकघरात फळी लावायला घेतली तेव्हा. जाऊबाई परतवाड्याला माहेरी गेल्या होत्या, हे कामावर. भिंतीतून पाण्याचा पाइप कुठून गेला ते मला ठाऊक होतं, कारण प्लंबर आला तेव्हा मीच घरी होते. भासऱ्यांनी ड्रिल नेमकं तिथेच टेकवलं. मी दोनदा बांगड्या वाजवल्या. मग एक गंज, म्हणजे पातेलं, मुद्दाम खाली पाडलं. ते स्वतःशीच म्हणाले, "लहानीच्या हातून आज भांडे काहून पडून राहिले?" आणि भोक पाडलं. पाण्याची धार थेट समोरच्या डाळीच्या डब्यांवर. प्लंबर येईपर्यंत तासभर भोकात अंगठा दाबून उभे होते बिचारे. मी मागे मुकाट्यानं खुर्ची आणून ठेवली, एवढंच.

पुढच्या वैशाखात कूलरची मोटर पाणी चढवेना. भासऱ्यांनी बटन बंद केलं, एका बाजूची वाळ्याची ताटी काढली आणि ओल्या फरशीवर अनवाणी बसले. मी दारातून पाहिलं तर पंखा बंद झाला होता, पण कूलरचा लाल दिवा तसाच जळत होता. बटनं त्यांचीच बसवलेली. जाऊबाई गच्चीवर कुरड्या घालत होत्या. त्यांना हाक मारून, त्या खाली येऊन सांगेपर्यंत भासऱ्यांचा हात पाण्यात गेला असता.

"भाऊजी, हात काढा. करंट चालू हाये."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्यांचा हात पाण्यापासून वीतभर वर थांबला. मी धावत जाऊन मेन बटन पाडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

दुपारी जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या. "तू बोलली म्हने त्याईच्यासंग?"

मी मान खाली घातली. "रागावले काय?"

"नाही वं. म्हने, बावीस वर्सं झाले, मले वाटे का लहानी मुकीच हाये."

संध्याकाळी भासरे स्वतः उंबऱ्याशी आले, कानामागे पेन्सिल. भिंतीकडे पाहत म्हणाले, "लहाने, कोन्या भितीत काय हाये, मले सांगून ठेव." मी पायाकडे पाहत सांगत गेले, इथून पाइप, तिथून वायर, आणि ते भिंतीवर रेघा ओढत गेले. त्या दिवसापासून मला विचारल्याशिवाय त्यांनी एक खिळा ठोकला नाही.

आता त्यांचा हात कापतो. स्क्रू पिळायचा पेचकस धरवत नाही. इलेक्ट्रिशियन येतो, दहा मिनिटांत काम करून जातो. वस्तू नीट चालतात, एकही स्क्रू उरत नाही, आणि घरात करमत नाही. यंदा दिवाळीला रंगारी आला. भिंतीवर हात फिरवून त्यानं विचारलं, "ह्या रेघा कायच्या?"

भासरे बाजेवर पडले होते. म्हणाले, "तिले इचार. ते सांगते."

मी पदर सावरला आणि पहिल्या भिंतीपासून सांगायला लागले. ऐकायला ते उठून बसले.