गार आणि ओलं

या गावात कपडे वाळत नाहीत. आधीच सांगून टाकलेलं बरं. वर्षातले सात महिने ढग घरात येऊन बसतात, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखे, आणि उठायचं नाव घेत नाहीत. उरलेले पाच महिने वारा. उशी दमट, काड्यापेटी दमट, मिठाचा तर दगडच झालेला. बदली होऊन आलेला माणूस पहिला महिना कुरकुरतो, दुसऱ्या महिन्यात परत जाण्याचा अर्ज करतो आणि तिसऱ्या महिन्यात खोकायला लागतो.

अशा गावात चादरी वाळवायचं काम ज्या बाईच्या गळ्यात पडलं, तिची काय गत होत असेल!

सरकारी दवाखान्याच्या मागे एक लांबोडकी खोली आहे. मधोमध दोन लोखंडी शेगड्या, छताखाली दोऱ्या आणि दोऱ्यांवर चाळीस खाटांच्या चादरी. या वाळवणखोलीत काकूंची सव्वीस वर्षं गेली. तशा त्या कुणाच्याच काकू नव्हत्या. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन खाली सपाटीवरच्या शहरात. पण मोठ्या डॉक्टरांपासून बॉयलरवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणायचे. गुडघे कधीच कामातून गेले होते. सोड्याच्या पाण्याने बोटं अशी बधिर झाली होती की गार काय नि गरम काय, सगळं सारखंच.

मग चादर वाळली हे कळायचं कसं? गालाने. या गावात कोरडी चादरसुद्धा हाताला ओलीच लागते, कारण ती बर्फासारखी गार असते. नवख्या माणसाचा हात हमखास फसतो. काकू चादरीचं टोक उचलायच्या, डाव्या गालाला लावायच्या, क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "झाली." किंवा "राहू दे अजून." त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे.

गेल्या पावसाळ्यानंतर नव्या मेट्रनबाई आल्या, थेट सपाटीवरून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घडी घातलेली चादर उचलली आणि सगळ्या वॉर्डासमोर कडाडल्या, "ही ओली आहे! रोग्यांना मारायचंय का तुम्हाला?"

काकूंनी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी चादर मेट्रनबाईंच्या गालाला लावली. "आता सांगा, बाई. गार आहे. गार म्हणजे ओलं नव्हे."

चादर खडखडीत कोरडी होती. मेट्रनबाई कानापर्यंत लाल झाल्या. मग काय, दवाखान्याला महिनाभराची करमणूक मिळाली. बॉयलरवाला तर पाण्याच्या नळाला हात लावून ओरडायचा, "अगं बाई, हे पाणी ओलं आहे!" काकूंनी त्याला दोनदा दटावलं, पण खरं सांगायचं तर त्यांनाही मनातून बरं वाटत होतं. मेट्रनबाईंनी त्यानंतर चादरींबद्दल तोंड उघडलं नाही.

तरी बाई मनाने वाईट नव्हत्या. काकूंनी बदलीचा अर्ज पुढे केला तेव्हा त्यांनी डूख धरला नाही. लेकीच्या शहरातल्या दवाखान्यात जागा निघाली होती. लेकीने घरातली खोली रिकामी करून ठेवली होती. "आई, खिडकीत दुपारभर ऊन असतं गं," ती दर रविवारी फोनवर सांगायची. काकूंना त्या उन्हाचं नुसतं नाव काढलं तरी झोप यायची. कामात चोख आणि तब्येतीने धडधाकट, एवढा मेट्रनबाईंचा शेरा अर्जावर हवा होता. गुरुवारच्या टपालाच्या गाडीने अर्ज गेला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

आता त्या हिवाळ्यातली एक बारीकशी गोष्ट. काकू जिथे उभ्या राहायच्या, तिथल्या डाव्या बाजूच्या खिडकीची काच फुटली. काचेसाठी अर्ज दिला. अर्जाला उत्तर आलं नाही, वारा मात्र आला. काकूंनी पुठ्ठा लावला, तो दमट होऊन गळून पडला, दुसरा लावला, तोही पडला, मग त्यांनी हात टेकले. तीन आठवड्यांपूर्वी चहा पिताना तो त्यांच्या ओठाच्या कडेने गळायला लागला.

"काकू, चहा आवडला नसेल तर तसं सांगा, असा सांडू नका," बॉयलरवाला म्हणाला.

"वय झालं रे मेल्या," काकूंनी हनुवटी पुसली आणि विषय संपवला.

बुधवारी सकाळी त्या अकरा नंबरच्या खाटेवर चादर बदलायला गेल्या. तिथे एक रिटायर पोस्टमन होता, तीन आठवडे पडून. बरा व्हायला आलेला माणूस पुन्हा खोकायला लागला होता.

"काकू, रात्रभर पाठ ओली लागते हो."

"आजोबा, जन्म इथे काढलात आणि नव्या बाईसारखं बोलता? गार आहे ती."

"असेल बुवा," म्हातारा म्हणाला. काकूंपुढे तो तरी काय बोलणार?

नवी चादर घालून काकू त्याची उशी सारखी करायला वाकल्या. गुडघ्याने दगा दिला, तोल गेला आणि उजवा गाल चादरीवर टेकला.

चादर ओली होती.

काकू तशाच राहिल्या. मग त्यांनी डावा गाल टेकवला. काहीच नाही. ओलं नाही, कोरडं नाही, गारसुद्धा नाही. गालावर चिमटा काढला. तो जणू दुसऱ्याच कुणाचा गाल होता. आठ नंबर, सतरा नंबर, एकवीस नंबर, त्या उजवा गाल लावत सुटल्या. कुठे थोडी ओल, कुठे चांगलीच. आणि सगळ्या खाटांवर त्यांच्या शब्दाला मान देऊन गुपचूप पडलेली माणसं.

दुपारी त्या मेट्रनबाईंच्या खोलीच्या दाराशी गेल्या. टेबलावर त्यांच्या अर्जाचा लखोटा होता, वर उद्याच्या टपालाचा शिक्का. ओल्या चादरींचं अजून कुणाला कळलं नव्हतं. एक दिवस जीभ दाताखाली धरली असती, तर काम फत्ते होतं. काकूंना इतकं थकल्यासारखं झालं, की दाराच्या चौकटीला टेकल्याशिवाय बोलता येईना.

"बाई, तीन आठवडे चादरी ओल्या जातायत. माझा गाल मेलाय. मला आज कळलं."

मेट्रनबाईंनी लखोटा उचलला आणि परत ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मला रोज ओल्या लागत होत्या, काकू. मला वाटलं, मलाच कळत नाही."

काकूंनी मान खाली घातली. सव्वीस वर्षांत इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

"धडधाकट म्हणून सही केलीय मी. आता हा कागद कसा पाठवू?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"नका पाठवू."

बॉयलरवाल्याला बोलावून काकूंनी चाळीसच्या चाळीस चादरी परत दोरीवर घातल्या. मेट्रनबाई बाह्या सारून मदतीला आल्या, प्रत्येक टोक स्वतःच्या गालाला लावून बघत होत्या. बॉयलरवाल्याने नक्कल केली नाही. अकरा नंबरला पहिली कोरडी चादर मिळाली, तेव्हा म्हातारा झोपेतच पाठ घासत सरळ झाला.

संध्याकाळी काकूंनी लेकीला फोन केला. सगळं ऐकून लेक भडकली.

"कुणी पाहिलं होतं का?"

"नाही गं."

"मग कशाला सांगायला गेलीस? एक दिवस, आई! एकच दिवस!"

"अगं, म्हातारा तीन आठवडे ओल्यात झोपला होता. माझ्या भरवशावर."

मग लेकीने अगदी लहान आवाजात विचारलं, "आणि तुझ्या गालाचं काय? डॉक्टरला दाखवलास?"

काकू गोंधळल्या. दिवसभर दवाखान्यातच तर होत्या त्या. पण डॉक्टरांना दाखवायचं त्यांना सुचलंच नव्हतं, आणि मेट्रनबाईंनाही नाही.

"उद्या दाखवते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. उजव्या गालावर पाणी आलेलं त्यांना कळलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. डाव्या गालावरचं तसंच वाहत राहिलं.