हिरव्या दोऱ्याची गाठ

भंगाराच्या वखारीत त्याला सगळे टेस्टर म्हणत. पंख्याची वायर तोडलेली असो की पंखा वर्षभर उन्हात पडलेला असो, हा आधी टेस्टर टेकवणार. मग कपॅसिटरला बल्बच्या वायरी लावून आत साठलेली उरलीसुरली वीज उतरवणार, हातमोजे चढवणार, तेव्हा कुठे पहिला स्क्रू ढिला होणार. मी तिथे काट्यावर वजनं करतो. "चहालाही लावून बघ," असं मी त्याला किती वेळा चिडवलं असेल. तो हसायचा नाही. पण त्याच्या दहाही बोटांवर एक ओरखडा नव्हता आणि माझं एक बोट काट्याखालीच चेचलंय, तेव्हा मी फार बोलू नये.

बाकीचे लोक पंख्याच्या मोटारीतलं वाइंडिंग, म्हणजे तारांची गुंडाळी, जाळून तांबं मोकळं करायचे. हा एका बाजूने तारा कापून दुसऱ्या बाजूने पकडीने ओढून काढायचा. "धुरात विष असतं," एवढंच सांगायचा. ते खरंच होतं, पण कारण तेवढंच नव्हतं. त्याच्याजवळ एक चपटी पत्र्याची डबी होती आणि तिच्यात हिरव्या दोऱ्याचे तुकडे होते. एकदा न राहवून मी विचारलं.

"माझं वाइंडिंगचं दुकान होतं," तो म्हणाला. "तारा मी भरायचो, बांधायची बायको. तिच्या शिवणाच्या दोऱ्याने. गाठ इतकी बेढब, की वीस वर्षं ओरडलो तिच्यावर. गाठ आहे का गाठोडं, म्हणायचो."

"मग?"

"ती गेली. मागोमाग दुकानही गेलं. आता मोटार कोण भरून घेतं? फेकतात. आमच्या दुकानातल्या कधीमधी इथे येतात. जाळल्या तर दोरा जळतो."

मी डबीचं झाकण लावून ती त्याच्या हातात दिली.

एका सोमवारी मालक त्याच्यासमोर उभा राहिला. "तुझं हे गोगलगायीचं काम पुरे. शनिवारपर्यंत हा ढीग संपव. पुढच्या आठवड्यापासून सगळा माल जाळायचा."

"मग मी येणार नाही."

"नको येऊस."

त्याच्याकडे सहा दिवस होते. तो जेवायलाही उठेना. पंखा उघडायचा, आत बघायचा. पांढरा दोरा, नाहीतर काळा. मग मीच काटा सोडून पंखे उचलून त्याच्यापुढे ठेवू लागलो. मालकाने डोळे वटारले, ते मी वजनात धरले नाहीत.

शनिवारी दुपारी ढिगात तीनच पंखे उरले होते. त्यातला एक टेबलफॅन त्याने ओढला. टेस्टर, बल्ब, हातमोजे, तेव्हाही त्याने काही चुकवलं नाही. उघडला, तर आत हिरवा दोरा. गाठ खरोखरच गाठोड्यासारखी होती.

त्याने कात्री उचलली नाही. धूळ पुसली, नवी वायर जोडली, पुन्हा टेस्टर लावून पाहिला आणि बटण दाबलं. पंखा कुरकुरत फिरू लागला.

"घट्ट बांधायची," तो म्हणाला. "हे तिला कधी सांगितलं नाही मी."

तो पंखा मी काट्यावर घेतला नाही. त्याने तो बगलेत मारला आणि गेला. नंतर वखारीत मी ज्याला चिडवावं असं कोणी उरलं नाही. मला त्याची फार आठवण यायची.

ऐन थंडीत एकदा त्याच्या घरी गेलो. एक खोली, एक खुर्ची, घासून पालथं घातलेलं एकच ताट. तो स्वेटर आणि कानटोपी घालून बसला होता आणि कोपऱ्यात पंखा चालू होता, भिंतीकडे तोंड करून.

"अरे, या थंडीत पंखा?"

"वारा लागू नये म्हणून तोंड फिरवलंय त्याचं," तो म्हणाला. "घरात आवाज असतो तेवढाच."