उंची कळावी म्हणून

उजनी धरणाचं पाणी उतरलं, की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं आणि ओल्या गाळाचा वास रस्त्यापर्यंत येतो. आज तो आला आणि ती दुपार आठवली. मी, स्वयंघोषित थोर फोटोग्राफर! देवळाची उंची कळावी म्हणून बायकोला चिखलातून शिखराखाली धाडलं होतं.

"आवो, माझं तोंड तरी दिसंल का त्यात?" ती लांबून ओरडली.

"तोंडाचं काय काम हाय? सरळ उभी ऱ्हा!"

ती हसली असावी. कोण बघतंय?

ती गेली, तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधले. सगळ्यांत ती अशीच, मुंगीएवढी. हा देवळाचा फोटो मोठा करत गेलो, तर हिरव्या लुगड्याचा ठिपका नुसता फुटत गेला.

देवळाची उंची मात्र अचूक कळते.